विश्लेषण : छोट्या पोलीस दलांना ‘मानांकना’साठी सरकारी पैसा... अमेरिकेतील प्रयोग काय सांगतो?

आठ पोलिसांचे दल. प्रमुख स्वतः आठवड्यातून दोन रात्री गस्तीला जातो. मुद्देमालाच्या खोलीची किल्ली त्याच्याच टेबलाच्या खणात असते आणि बळाचा वापर केव्हा करावा याची लेखी नियमावली शेवटची कधी तपासली गेली, हे कुणालाच आठवत नाही. अमेरिकेत अशी दले अपवादाने नाहीत, तर हजारोंच्या संख्येने आहेत. या दलांनी व्यावसायिक मानांकन मिळवावे, म्हणून अमेरिकेच्या न्याय विभागाने गेल्या काही वर्षांत अनुदानाची वाट खुली केली. या पैशाने पोलीस सुधारतात की फक्त त्यांच्या फायली, हा यातला खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत इतकी छोटी पोलीस दले का?

महाराष्ट्रात गावातले पोलीस ठाणे हा राज्याच्या एकाच पोलीस दलाचा भाग असतो. भरती, प्रशिक्षण, बदली, शिस्तभंगाची कारवाई या साऱ्याचे नियम राज्यभर सारखे असतात. अमेरिकेत तसे नाही. तिथे शहर, उपनगर, परगणा, राज्य, विद्यापीठ अशा प्रत्येकाचे स्वतंत्र पोलीस दल असू शकते. देशभरात अशा सुमारे १८ हजार कायदा अंमलबजावणी यंत्रणा आहेत. त्यांपैकी साधारण १२ हजार ही शहरांची आणि गावांची स्थानिक दले आहेत.

एकीकडे न्यूयॉर्क शहराचे तीस हजारांहून अधिक पोलिसांचे दल आहे. दुसरीकडे न्याय विभागाच्याच सांख्यिकी शाखेच्या पाहण्यांनुसार स्थानिक दलांपैकी जवळपास निम्म्या दलांत पूर्णवेळ अधिकारी दहापेक्षा कमी आहेत. पिस्तूल, गाडी आणि अटकेचा अधिकार मात्र दोन्हीकडे सारखाच असतो.

मानांकन म्हणजे नेमके काय?

महाविद्यालयांना ‘नॅक’, रुग्णालयांना ‘एनएबीएच’, तसाच हा प्रकार. बाहेरची एक संस्था निकष ठरवते, दल स्वतःहून अर्ज करते, तपासनीस येऊन पाहणी करतात आणि निकष पूर्ण झाले असतील तर ठरावीक मुदतीसाठी मानांकन देतात. मुदत संपली की पुन्हा तपासणी.

या क्षेत्रातली सर्वांत परिचित राष्ट्रीय संस्था म्हणजे ‘कॅलिया’. पोलीस प्रमुख, शेरीफ, कृष्णवर्णीय पोलीस अधिकारी आणि पोलीस संशोधक यांच्या चार संघटनांनी मिळून १९७९ मध्ये ती स्थापन केली. तिचे पहिले मानांकन १९८४ मध्ये फ्लोरिडातील माउंट डोरा या छोट्या शहराच्या दलाला मिळाले. तिच्या प्रगत पातळीच्या मानांकनासाठी साडेचारशेच्या आसपास निकष लावले जातात, प्राथमिक पातळीसाठी त्याहून बरेच कमी. याशिवाय अनेक राज्यांत स्वतंत्र मानांकन योजना आहेत. न्यूयॉर्क राज्याने १९८९ मध्येच अशी योजना आणली. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा, टेक्सास येथेही त्या आहेत.

निकष कशाचे? बळाच्या वापराच्या प्रत्येक प्रसंगाचा लेखी अहवाल होतो का आणि वरिष्ठ तो तपासतात का, वाहनाचा पाठलाग कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा, जप्त केलेली रोकड, अमली पदार्थ आणि शस्त्रे यांची नोंद जुळते का, कोठडीतल्या माणसाची पाहणी किती वेळाने होते, नागरिकाची तक्रार कुठे जाते आणि तिचे काय होते. नियम लिहून ठेवला एवढ्यावर भागत नाही. तो पाळला जातो याचा पुरावा द्यावा लागतो.

छोट्या दलांची अडचण कोणती?

पहिली अडचण शुल्काची. ते दलाच्या आकारानुसार ठरते, पण लहान दलासाठीही रक्कम काही हजार डॉलरच्या घरात जाते. पुढे दरवर्षीचा खर्च, नोंदी ठेवण्याची संगणक प्रणाली, मुद्देमालाच्या खोलीची दुरुस्ती, कॅमेरे हे सारे वेगळे. काही राज्यांच्या योजनांचे शुल्क नाममात्र असते किंवा नसतेही. तरीही तिथली अनेक छोटी दले मानांकनाकडे फिरकत नाहीत. कारण दुसरी अडचण त्याहून मोठी आहे, ती मनुष्यबळाची.

साधा हिशेब करून पाहू. आठवड्याचे तास १६८. एक पोलीस आठवड्याला ४० तास काम करतो. म्हणजे रस्त्यावर चोवीस तास केवळ एक माणूस ठेवायचा तरी चारहून अधिक पोलीस लागतात. आठ जणांचे दल एका वेळी जेमतेम दोघे पुरवू शकते. त्यातून रजा, आजारपण, न्यायालयातील साक्ष आणि प्रशिक्षण वजा केले की रात्री अनेकदा एकच गाडी फिरत असते.

मानांकनासाठी एक अधिकारी महिनोन्महिने नियमावली लिहिणे, पुरावे गोळा करणे, तपासणीची रंगीत तालीम घेणे यात गुंततो. दोनशे जणांच्या दलात त्यासाठी पूर्णवेळ अधिकारी नेमता येतो. आठ जणांच्या दलात तो माणूस गस्तीतूनच काढावा लागतो. ‘रस्त्यावरचा पोलीस कागदावर का बसवला?’ हा प्रश्न मग नगर परिषदेच्या बैठकीत हमखास येतो आणि मानांकनाचा ठराव बाजूला पडतो.

मग केंद्राने सरळ सक्ती का केली नाही?

कारण अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार ते शक्य नाही. पोलीस हा राज्यांचा आणि स्थानिक संस्थांचा विषय आहे. बंदूक खरेदीदारांची पार्श्वभूमी तपासण्याचे काम स्थानिक शेरीफांवर टाकणारी केंद्रीय तरतूद तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये प्रिंट्झ खटल्यात रद्द केली. राज्याच्या किंवा गावाच्या अधिकाऱ्याला केंद्र हुकूम देऊ शकत नाही, हे त्यातून पक्के झाले.

उरतो तो पैसा. १९९४ च्या गुन्हेगारी नियंत्रण कायद्यानंतर न्याय विभागात ‘कॉप्स’ नावाचे कार्यालय सुरू झाले. स्थानिक दलांना पोलीस भरतीसाठी आणि समुदायाभिमुख कामासाठी अनुदान देणे हे त्याचे मुख्य काम. याच कार्यालयाने २०२०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या अनुदान योजनेत मानांकनासाठी स्वतंत्र भाग ठेवला. मानांकन मिळवू पाहणाऱ्या दलांना साहाय्य ही त्याची एक बाजू, तर मानांकन देणाऱ्या संस्थांचे बळ वाढवणे ही दुसरी.

हा विचार अचानक कुठून आला?

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलीस कारवाईत मृत्यू झाला आणि देशभर आंदोलने पेटली. १६ जून रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढला. स्वतंत्र संस्थेकडून प्रमाणित झालेल्या दलांनाच न्याय विभागाची ऐच्छिक स्वरूपाची अनुदाने मिळावीत, असे त्यात म्हटले होते.

पण प्रत्यक्षात अनिवार्य अटी दोनच होत्या. बळाच्या वापराचे धोरण कायद्याला धरून असावे आणि गळा आवळण्याच्या पद्धतीवर बंदी असावी, प्राणघातक बळ कायदेशीर ठरेल असे प्रसंग वगळता. शेकडो निकषांच्या पूर्ण मानांकनापुढे ही फारच हलकी परीक्षा. अनुदानाची दारे बंद होऊ नयेत म्हणून ३१ जानेवारी २०२१ च्या मुदतीपूर्वी देशभरातील दलांनी कागदपत्रे पाठवण्याची घाई केली.

बरोबर दोन वर्षांनी, २५ मे २०२२ रोजी, अध्यक्ष जो बायडेन यांनी नवा आदेश काढला. मानांकन देणाऱ्या संस्थांचेच निकष अधिक कडक करण्याचा त्यात प्रयत्न होता. २० जानेवारी २०२५ रोजी, दुसऱ्या कारकीर्दीच्या पहिल्याच दिवशी, ट्रम्प यांनी तो मागे घेतला. मानांकनाला दोन-तीन वर्षे लागतात, वॉशिंग्टनचे धोरण मात्र त्याआधी बदलू शकते. छोट्या गावाचा पोलीस प्रमुख अर्ज करताना दहादा विचार करतो, त्याचे हे एक कारण.

मिसुरीने सक्ती केली होती, तिचे काय झाले?

पैशाशिवाय हुकूम दिला तर काय होते, याचा धडा मिसुरी राज्यात मिळाला. सेंट लुईस परगण्यात सुमारे ९० पालिका आहेत. २०१५ च्या सुमारास त्यांतील ५०हून अधिक पालिकांची स्वतःची पोलीस दले होती. फर्ग्युसन ही त्यांतलीच एक, वस्ती सुमारे २१ हजार. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथे मायकल ब्राउन हा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. त्या पोलिसावर खटला भरण्याइतका पुरावा न्याय विभागाला आढळला नाही. मात्र मार्च २०१५ मध्ये त्याच विभागाने फर्ग्युसनच्या दलाविषयी दिलेला स्वतंत्र अहवाल जळजळीत होता.

शहराच्या अर्थसंकल्पातला सुमारे २३ टक्के महसूल दंडातून येणे अपेक्षित धरले होते. पोलिसांनी अधिकाधिक दंडाच्या पावत्या फाडाव्यात, असा पालिकेचा तगादा होता. वस्तीत ६७ टक्के लोक कृष्णवर्णीय असताना अटक झालेल्यांत त्यांचे प्रमाण ९३ टक्के होते. बळाच्या वापराचे अहवाल वरिष्ठ नीट तपासतच नव्हते. मानांकनाचे निकष नेमके हेच विचारतात.

त्याच वर्षी मिसुरीच्या विधिमंडळाने कायदा केला. सेंट लुईस परगण्यातील प्रत्येक पालिकेने सहा वर्षांत आपले दल ‘कॅलिया’ किंवा राज्याच्या पोलीस प्रमुख संघटनेकडून प्रमाणित करून घ्यावे, नाहीतर प्रमाणित दलाशी करार करावा. दंडातून मिळणाऱ्या महसुलावरही मर्यादा आली. नॉर्मंडीसह काही पालिका न्यायालयात गेल्या. केवळ एका परगण्यासाठी वेगळा कायदा का, हा त्यांचा एक आक्षेप. राज्य काम लादते पण त्याचा खर्च देत नाही, हा दुसरा. मे २०१७ मध्ये मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने पहिला आक्षेप मान्य करून मानांकनाची ही सक्ती रद्द केली. खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

मानांकन मिळाले की पोलीस सुधारतात का?

यावरील अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. मानांकित दलांत लेखी धोरणे, नोंदी, प्रशिक्षण आणि मुद्देमालाची व्यवस्था सुधारते, याबद्दल फारसा वाद नाही. गोळीबार, मारहाण, गैरवर्तनाच्या तक्रारी त्यामुळे कमी होतात का, याचे ठाम उत्तर मिळत नाही. जी दले आधीच बऱ्या स्थितीत आहेत तीच अर्ज करतात, त्यामुळे तुलनाही अवघड होते.

आपल्याला जवळचे वाटेल असे एक प्रकरण इथे आठवते. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातील मॅडिसन शहरात भारतातून मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे गृहस्थ सकाळी घराजवळ फिरत होते. अनोळखी माणूस घरे न्याहाळतो आहे, असा फोन कुणीतरी पोलिसांना केला. इंग्रजी येत नसल्याचे त्यांनी तुटक शब्दांत सांगितले. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटले. मणक्याला गंभीर इजा होऊन त्यांना अर्धांगवायूसारखी अवस्था आली.

राज्याच्या गव्हर्नरांनी भारत सरकारची माफी मागितली. पोलीस प्रमुखांनी ही कृती धोरणाला धरून नसल्याचे सांगत त्या पोलिसाला बडतर्फ करण्याची शिफारस केली. खटल्यात मात्र दोनदा ज्युरींचे एकमत झाले नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्या पोलिसाची निर्दोष मुक्तता केली. पुढे दिवाणी दावा १७.५ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. दलाचे धोरण नेमके काय सांगते, प्रशिक्षणात काय शिकवले होते आणि वरिष्ठांनी आधीचे प्रसंग तपासले होते का, हे प्रश्न घटनेनंतर न्यायालयात विचारले गेले. ते आधीच, दरवर्षी, बाहेरच्या माणसाने विचारावेत हाच मानांकनाचा उपयोग. शुल्काच्या काही हजार डॉलरशेजारी १७.५ लाखांचा आकडा ठेवला की पालिकेचे गणितही बदलते. मानांकित दलांना काही विमा योजनांत हप्त्यात सवलत मिळते, ती याच कारणाने.

छोटी दले एकत्रच का करत नाहीत?

हा प्रश्न अमेरिकेतही विचारला जातो. अध्यक्ष बराक ओबामा यांनी नेमलेल्या एकविसाव्या शतकातील पोलीस कामाविषयीच्या कृतिदलाने २०१५ मध्येच सुचवले होते, की ज्या छोट्या दलांना सेवा वाटून घ्यायच्या आहेत, एकत्र प्रशिक्षण घ्यायचे आहे किंवा विलीन व्हायचे आहे, त्यांना ‘कॉप्स’ कार्यालयाने तांत्रिक मदत आणि प्रोत्साहनपर पैसा द्यावा.

उदाहरणे आहेतही. फर्ग्युसनशेजारच्या जेनिंग्ज शहराने २०११ मध्ये आपले वादग्रस्त दल बरखास्त करून काम परगण्याच्या पोलिसांकडे दिले. पण फर्ग्युसनमध्ये गोळी झाडणारा पोलीस पूर्वी याच जेनिंग्जच्या दलात होता. दल बंद झाले तरी माणसे शेजारच्या दलात जातात. त्यांची तिथली भरती किती काटेकोर असते, हा प्रश्न पुन्हा निकषांवरच येऊन थांबतो. न्यू जर्सीतील कॅम्डेन शहराने २०१३ मध्ये आपले दल मोडून परगण्याच्या पातळीवर नवे दल उभारले. त्या बदलाची देशभर चर्चा झाली.

तरीही बहुतेक गावे विलीनीकरणाला तयार नसतात. ओळखीचा पोलीस, पाच मिनिटांत येणारी गाडी, आपल्या मतांना जबाबदार असलेला प्रमुख हे गावकऱ्यांना मोलाचे वाटते आणि ते चुकीचेही नाही. आपल्याकडे कमी पटाची शाळा बंद करायची म्हटले की गाव का पेटते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

मराठी वाचकाला याचे काय?

न्यू जर्सीच्या उपनगरांत हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्या राज्यात साडेपाचशेहून अधिक पालिका आहेत आणि त्यांतील बहुतेकांचे पोलीस वेगळे. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या, इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या आईवडिलांची गाठ पडते ती या छोट्या दलातल्या एका पोलिसाशी. भाषा न कळणाऱ्या माणसाशी कसे वागायचे, हे त्याला कुणी शिकवले आहे का, यावर त्या दोन मिनिटांत बरेच काही ठरते. आपल्या गावाचे दल मानांकित आहे का, हे पालिकेला विचारण्याचा हक्क तिथल्या प्रत्येक रहिवाशाला आहे. तपासणीच्या वेळी नागरिकांकडून अभिप्रायही मागवले जातात.

इकडे महाराष्ट्रातही अनेक पोलीस ठाण्यांच्या दर्शनी भागात आयएसओ प्रमाणपत्राची चौकट दिसते. रंगवलेल्या भिंती, नीट लावलेल्या फायली, तक्रारदाराला बसायला खुर्ची हे सारे हवेच. पण तक्रार नोंदवून घेतली का आणि कोठडीतला कॅमेरा चालू होता का, हे त्या चौकटीवरून कळत नाही. मानांकन कुठलेही असो, तपासनीस येऊन गेल्यानंतरच्या महिन्यात काय चालते, ही त्याची खरी कसोटी.

पैसा कसा द्यावा, म्हणजे तो कामी येईल?

आतापर्यंतच्या अनुभवातून तीन गोष्टी दिसतात. पहिली, केवळ शुल्क भरण्यापुरता पैसा छोट्या दलाला पुरत नाही. त्याला माणसाचे तास हवेत. आठ-दहा दलांनी मिळून एकच मानांकन अधिकारी नेमला आणि त्याचा पगार अनुदानातून दिला, तर कुणाचीच गस्त रिकामी राहत नाही.

दुसरी, अनुदान एका वर्षाचे आणि तपासणी कायमची, हा मेळ बसत नाही. पहिले मानांकन सरकारी पैशावर मिळवायचे आणि चार वर्षांनी फेरतपासणीच्या वेळी तिजोरी रिकामी म्हणून सोडून द्यायचे, असे झाले तर आधीचाही खर्च वाया जातो. यात राज्यांनी वाटा उचलणे अधिक टिकाऊ.

तिसरी, पैसा देताना काय तपासायचे ते आधी ठरवावे लागते. २०२० मध्ये दोन अटींची परीक्षा ठेवली, तेव्हा दोन अटींपुरतेच कागद आले. मिळालेल्या प्रमाणपत्रांची संख्या मोजणे सोपे असते. पण बळाच्या वापराचे अहवाल तपासून किती वेळा कारवाई झाली, किती तक्रारींची चौकशी पूर्ण झाली, हे आकडे अनुदान घेणाऱ्या दलाने दरवर्षी जाहीर करावेत, अशी अट घातली तरच करदात्याला आपल्या पैशाचे काय झाले ते कळेल.

छोट्या गावाच्या पोलिसाकडून मोठ्या शहराच्या पोलिसाइतकीच शिस्त अपेक्षित असेल, तर त्यासाठी लागणारा वेळही गावाला कुणीतरी दिला पाहिजे. अमेरिकेतील केंद्र सरकारने तो देण्याची तयारी काही काळ दाखवली. ती किती वर्षे टिकते, यावर त्या आठ जणांच्या दलातील मुद्देमालाची किल्ली कुणाच्या खणात राहणार हे ठरेल.